ठिगळ्याची परीक्षा

ठिगळ्यानं फडक्याचा वास घेतला, शिंकला आणि मास्तरांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू प्रश्नच चुकीचा विचारलाय.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "हुकूम दिला की हा आधी विचार करतो."

मास्तरांची सगळी नोकरी पोलिसांच्या श्वानपथकात कुत्री शिकवण्यात गेली. एकेक जातिवंत, इस्त्री केल्यासारखं. निवृत्तीनंतर बायकोनं घरात आणला तो हा. एक कान उभा, एक पडलेला. आखूड पायांवर लांबलचक धड. शेपूट कुणा मोठ्या कुत्र्याकडून उसनी आणलेली. असली भेसळ शिकत नसते, असं मास्तरांचं ठाम मत. तुमचं नाक आईचं, गुडघे वडिलांचे आणि राग कुणाचा ते अजून कळलेलं नाही, तरी तुम्ही शिकलातच की, असं बायको म्हणायची. शेवटी पैज लागली. फडक्याचा जोड, त्याच वासाचं दुसरं फडकं, घरात लपवायचा. ठिगळ्यानं शोधला तर तो राहणार, नाहीतर पुतण्याच्या शेतावर जाणार. पुतण्या जीप घेऊन दारात आलाही होता.

ठिगळ्या निघाला. जोड होता कोठीच्या खोलीत, पिंपामागे. तो कोठीत डोकावलासुद्धा नाही. मास्तरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण संध्याकाळी आपल्या पावलावर हनुवटी टेकून पडणारं ते ध्यान आठवलं आणि त्यांची नजर कोठीच्या दाराकडे वळली.

ठिगळ्या जिन्याखाली गेला आणि मास्तरांच्या जुन्या परेडच्या बुटांसमोर बसला. भुंकला नाही, पंजा मारला नाही. पुढचे पाय जुळलेले, नाक बुटाच्या रोखानं.

"चुकला," मास्तर म्हणाले. जरा जास्तच घाईनं.

"बूट उलटा करा," बायको म्हणाली.

बुटातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा पडला. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा मास्तरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. तरी साखर उतरेना, आणि डॉक्टर बिचारे गोळ्या बदलून बदलून थकले होते. त्यात हल्ली पुडे फारच भराभर संपत. जिभेला काही धरबंदच उरला नाही म्हणून मास्तर मनातल्या मनात स्वतःला शिव्याही घालत.

त्यांचे कान तापले. पण नजर ठिगळ्यावरून हलेना. वास सापडल्याची खूण देणारी इतकी चोख बैठक पथकातल्या भल्याभल्यांना जमली नव्हती. तोंडून आपसूक "शाब्बास" निघून गेलं.

शोध लागला की बक्षीस लगेच द्यायचं, असा मास्तरांचाच नियम. बायकोनं त्याची आठवण करून दिली. मास्तरांनी बिस्कीट ठिगळ्यापुढे धरलं, मग दारात जाऊन पुतण्याला रिकामी जीप घेऊन जायला सांगितलं. परत आले ते ओशाळं हसतच.

"शिकवलंस कधी गं याला?"

"दुपारी, तुम्ही घोरत असताना," बायको म्हणाली. "अहो, ते पुडे एवढे भराभर संपायचे, ते काय सगळे एकटे तुम्हीच खात होता?"