सासूला माफ करण्याचं अनुदान

पुस्तकचर्चेला अनुदान हवं असेल, तर चर्चेतून काय निघणार ते आधीच लिहून द्यावं लागतं. कोरियातल्या बुसान शहरातल्या ग्युरीनं दोनदा खरं लिहिलं, ‘लोक बोलतील. काय बोलतील ते मी आत्ताच कसं सांगू?’ दोन्ही अर्ज कचऱ्यात. यंदा पैसे मिळाले नाहीत तर तिचं पुस्तकांचं दुकानच बसणार होतं. मग तिनं ठोकून दिलं, ‘कादंबरी वाचून वृद्ध महिला आपापल्या सासूला माफ करतील.’ लगेच मंजूर!

पहिल्याच बैठकीला अनुदानवाले साहेब कॅमेरा घेऊन हजर. बोंगसुन आजीनं पुस्तक आपटलं. “ह्यातली सून बावळट आहे. मी असते तर त्या सासूला...”

“आजी, आजी!” साहेब कळवळले. “तुम्ही तुमच्या सासूला माफ केलंय. अर्जात तसंच आहे. नाहीतर पैसे अडकतील.”

आजीनं ग्युरीचा पडलेला चेहरा पाहिला. “असं होय? मग काढा फोटो,” म्हणाली आणि बॅनरखाली उभी राहून ढसाढसा रडली. तिचं बघून बाकीच्याही रडल्या. साहेब खूश होऊन गेले.

आजीनं डोळे पुसले, दाराला आतून कडी घातली.

“हं, आता बोला गं. कुणाची सासू जास्त हलकट होती?”