चोवीस घरांचा मोर

धोंडीरामनं पोरीला चप्पल घालायला सांगितलं. सामान नंतर कुणीतरी घेऊन येईल, आधी तू चल, पाचची येवल्याची गाडी चुकायला नको, असं तो आता तिसऱ्यांदा म्हणत होता. प्रतिभा कॉम्प्युटरसमोरून उठली नाही. रडलीही नाही. नुसती मान खाली घालून बसली. ही मान तिच्या आईची होती, आणि ती किती हट्टी असते हे धोंडीरामला पंचवीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं.

येवल्यात बातमीच तशी पोचली होती. तुमची पोर नाशकात कुठल्या ऑफिसात नाही, व्हिडिओ गेमच्या दुकानात बसते, असं शेजारच्या मोतीरामनं चहाच्या टपरीवर चार लोकांत सांगितलं. धोंडीरामच्या डोळ्यांपुढं स्टँडमागचं पत्र्याचं दुकान उभं राहिलं. शाळा बुडवलेली पोरं, टुंयटुंय वाजणारे डबे आणि तोंडात शिव्या. त्याच्या बायकोनं, कुसाबाईनं तर अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं होतं. पैठणीच्या मागावर कंबर मोडून शिकवलेली पोर असल्या ठिकाणी? अर्धा विणलेला पदर तसाच टाकून त्यानं सकाळची एस.टी. धरली.

कॉलेज रोडवरच्या या तीन खोल्यांत मात्र डबे नव्हते आणि शिव्याही नव्हत्या. आठ-दहा पोरंपोरी मुकाट्यानं आपापल्या पडद्याकडं बघत होती. ऑफिसच्या मालकीणबाई, अंजली मॅडम, यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, की इथं मोबाईलवर खेळायचे गेम तयार होतात आणि ते पार परदेशात जातात. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी दाराशी येतात. धोंडीरामनं सगळं ऐकून घेतलं. पण गेम म्हणजे गेम, त्याचं मत काही हललं नाही.

पुढं मॅडम जे बोलल्या ते त्याच्या पथ्यावरच पडलं. प्रतिभा तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती आणि ते महिने आज संपत होते. परदेशातल्या कंपनीला गेमसाठी एक मोर हवा होता. प्रतिभाचा मोर तिकडून दोनदा परत आला होता. आज चारपर्यंत जमला तर नोकरी पक्की, नाही जमला तर काकांनी तिला खुशाल घेऊन जावं.

घड्याळात साडेतीन झाले होते. धोंडीराम निवांत झाला. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. म्हणून त्यानं सहज पडद्याकडं नजर टाकली, आणि तिथंच फसला.

पडद्यावर बारीक चौकोनी घरं होती, आडवी चोवीस आणि उभी चोवीस. त्यात मोर म्हणून जे काही उभं होतं, ते गळा सुजलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. धोंडीरामला ते बघवेना. त्यानं विचारलं तेव्हा प्रतिभानं सांगितलं, की फोनवर एवढीच जागा मिळते. एका घरात एकच रंग. अर्धं घर भरता येत नाही, त्यामुळं मानेचा बाक काही केल्या जमत नाही.

अर्धं घर भरता येत नाही, हे रडगाणं धोंडीराम बाराव्या वर्षापासून ऐकत आला होता. पैठणीच्या पदरावरचा मोरसुद्धा कागदावरची अशीच घरं मोजून विणतात. तिथंही अर्धं घर कुणाच्या बापाला भरता येत नाही. तो खुर्ची ओढून लेकीच्या मागं बसला.

"बाक काढूच नको," तो म्हणाला. "बाक बघणाऱ्याच्या डोळ्यात होतो. तू नुसत्या पायऱ्या टाक. दोन सोड, एक भर."

प्रतिभानं दोन सोडली, एक भरलं. मग तो सांगत गेला आणि ती भरत गेली. लहानपणी तीच मागाशेजारी बसून कागदावरची घरं मोठ्यानं वाचायची आणि हा विणायचा. आज फक्त जागा बदलल्या होत्या. छाती एका घरानं मागं घेतली, गळ्याशी निळ्याला लागून एक जांभळं आलं, आणि कोंबडी कुठल्या कुठं गेली.

चारला पाच मिनिटं असताना प्रतिभानं त्याच मोराचा एक पाय उचललेला काढला, मग टेकलेला काढला, आणि एक बटण दाबलं. मोर चालायला लागला.

धोंडीराम बघतच राहिला. पस्तीस वर्षांत त्यानं शेकड्यांनी मोर विणले होते, पण सगळे बसल्या जागी बसलेले. हा पाय उचलत, तोऱ्यात पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला निघाला होता. धोंडीरामला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यानं लपवलं नाही.

मॅडमनी मोर पाहिला, जमला, नोकरी पक्की, असं म्हणाल्या आणि तिथल्या तिथं पाठवून दिला. गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात, असं सांगून त्यांनी विचारलं, "काका, मोरापुढं कुणाचं नाव घालू?"

"शेठचं," धोंडीराम चटकन म्हणाला.

मॅडमना काही उलगडेना. प्रतिभानं हळूच सांगितलं, की विणणाऱ्याचं नाव पैठणीवर कुठंच नसतं, ती दुकानवाल्या शेठच्या नावानं विकली जाते.

"मोर शेठनी सांगितला का?" मॅडमनी विचारलं.

"नाय. मी सांगितला, हिनं काढला."

"मग तुमचं दोघांचं घालते."

त्यांनी त्याचं नाव लिहायला घेतलं. पडद्यावर आपलं नाव एकेका अक्षरानं उमटताना धोंडीरामनं पाहिलं, आणि मध्येच हात वर करून त्यांना थांबवलं.

"वर हिचं घाला, मॅडम. मी काय, पाचच्या गाडीनं चाललो. ही हितंच राहणार हे."