सर्वांत लांब जनुक

"जोडून टाक ते," डॉ. गुरुराज म्हणाले. "चारला सर्व्हर बंद होतो."

ऋजुताच्या पडद्यावर भुईमुगाच्या पानांवर पडणाऱ्या एका बुरशीचा जीनोम उघडा होता. पाच देशांतल्या प्रयोगशाळा एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसून त्यातली जनुकं आखत होत्या. हे इथे सुरू झालं, इथे संपलं. कुणी एक रेघ हलवली की ती सगळीकडे हलायची, आणि बाजूच्या रकान्यात हलवणाऱ्याचं नाव उमटायचं. आज चारला आखणी कायमची गोठणार होती. पुढे जगभरातले लोक तीच वापरणार होते.

शोळिंगनल्लूरच्या या खोलीत आखणीला सहा मुली होत्या. सहाही जणींचं लॉगिन एकच होतं, गुरुराज.

"सर, ही दोन जनुकं आहेत," ऋजुता म्हणाली. "पेशीत जनुकाची प्रत निघते तेव्हा तिच्या टोकाला शेपटी लागते. ती शेपटी इथे मधेच दिसतेय. तिन्ही नमुन्यांत. म्हणजे पहिलं जनुक इथेच संपलं."

"अय्यो, शेपटी!" चिडले की डॉक्टरांची तंजावरी मराठी आणखी तंजावरी व्हायची. "दिल्लींत अस्की, सगळ्या लोकांसमोर सांगितलों मी, या बुरशीचं सर्वांत लांब जनुक म्हणून. पोस्टर छापलं. आतां तूं म्हणतेस, दोन तुकडे?"

"पोस्टर आधी छापलं, सर. नमुने नंतर आले."

शेजारच्या भव्याचा कीबोर्ड थांबला.

याआधी दोनदा ऋजुताने ते जनुक तोडलं होतं आणि दोनदा डॉक्टरांनी केबिनमधून जोडलं होतं. रकान्यात मात्र ओळीने एवढंच दिसे: गुरुराज यांनी तोडलं, गुरुराज यांनी जोडलं, गुरुराज यांनी तोडलं, गुरुराज यांनी जोडलं. कोपनहेगनहून कुणीतरी अदबीने विचारलंही होतं, डॉक्टर, तुमचं स्वतःशी एकमत झालं की कळवाल का? आज सकाळी तिने ते तिसऱ्यांदा तोडलं होतं.

"पोदुम, अम्मा. पुरे. लोक हसतात मज." त्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "या महिन्यात तुझं काँट्रॅक्ट संपतं. नव्यावर सही कोण करतो?"

"तुम्ही."

"सरी. ठाऊक आहे तर."

ते केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांत पडद्यावरच्या दोन पट्ट्या सरकून एक झाल्या. कारणाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, ज्येष्ठांचा निर्णय.

चारला सहा मिनिटं होती.

"विडु, ऋजुता. सोड ना," भव्या पुटपुटली. "बारा हजारांतलं एक जनुक. कोण बघतंय?"

"जो त्याच्यावर औषध शोधायला बसेल, तो बघेल. तीन वर्षं वाया घालवल्यावर."

"आणि तुझी नोकरी?"

ऋजुता गुरुराजच्या लॉगिनमधून बाहेर पडली आणि सकाळी आलेली एक मेल तिने उघडली. गेल्या आठवड्यात तिने सर्व्हर सांभाळणाऱ्यांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. नियम माणशी एक लॉगिन असाच आहे. तुमच्याकडे सहा जणी काम करतात याची आम्हाला कल्पना नव्हती. तिसऱ्या ओळीत तिच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन आणि पासवर्ड होता.

तो टाइप करताना एकदा चुकला. दुसऱ्यांदा लॉगिन उघडलं. तिने जनुक शोधलं, शेपटीपाशी रेघ ठेवली आणि तोडलं. कारणाच्या चौकटीत तिन्ही नमुन्यांचे क्रमांक लिहिले. विशेषण एकही नाही. सेव्ह केलं.

चारला सगळ्यांच्या पडद्यांवरच्या पट्ट्या करड्या झाल्या. आता एकही रेघ हलणार नव्हती.

चार वाजून तीन मिनिटांनी केबिनचं दार उघडलं. डॉक्टरांचा चष्मा कपाळावर होता.

"कोण केलं ते?" त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं. ऋजुताच असणार हे त्यांनी ओळखलंच होतं. मान खाली गेलेली तेवढी बघायची होती. चार वर्षं या खोलीतून रकान्यात एकच नाव जात होतं, त्यांचं. तो रकाना वाचायची सवय त्यांना राहिली नव्हती.

पाच जणी पडद्यांकडे बघत राहिल्या. ऋजुता खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"नाव लिहिलंय, सर," ती म्हणाली. "वाचा."