मेंढीच्या गळ्यातली माळ

कुंतीच्या वारलेल्या सासूची माळ आणि ओढणी घातलेली मेंढी अंगणात उभी होती. मृताचा आत्मा तिच्यात उतरतो, नातवंडाची हाक ऐकून सातू खातो, मगच पितरांची वाट धरतो, अशी उत्तराखंडातल्या दारमा खोऱ्यातली रीत. पण मेंढी ओरडतच होती. “आजी, खा ना,” कुंतीची मुलगी रिंकी हिंदीत म्हणाली. “म्हातारीला हिंदी कधी कळली गं?” शेजारची काकी हसली. “आपल्या बोलीत हाक मार, नाहीतर भटकत राहील बिचारी.” कुंतीचा चेहरा उतरला. पोरगी शाळेत मागे पडेल म्हणून तिनेच सासूला नातीशी बोलीत बोलू दिलं नव्हतं. आता तीच विनवू लागली, “आठव बाळा, आजीच्या बोलीतलं काहीही चालेल.” रिंकीला त्या बोलीतले रोज कानावर पडलेले दोनच शब्द येत होते. आईसारखाच आवाज चढवून ती म्हणाली, “गप्प बस!” मेंढी गप्प झाली आणि मुकाट्याने सातू खाऊ लागली.