मापाचं पंपघर

"घर जातंय का राहतंय, तेवढं एकदा सांगून टाका बाई. जीव नुसता टांगणीला लागलाय."

टेलरकाका खुर्चीच्या टोकावर बसले होते, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. बाईंनी टेबलावरचा नकाशा हळूच पालथा घातला. पंपघरांचे आराखडे करणं हे त्यांचं कामच होतं, पण या नकाशाकडे बघवत नव्हतं. काकांच्या घराच्या जागी त्यात एक चौकोन होता आणि चौकोनात लिहिलं होतं, 'पंप'.

"अजून पक्कं काही नाही काका. मी बघतेय ना."

"तुमच्याच हातात आहे सगळं. जमेल तेवढं बघा," म्हणून काका उठले.

प्रकरण तसं सरळ होतं. सखल भागातल्या सगळ्या घरांचं सांडपाणी उताराच्या टोकाला गोळा व्हायचं, आणि तिथला म्हातारा पंप ते वर ढकलता ढकलता मान टाकायचा. मग मैलापाणी उलटं फिरून घराघरांत. नवं पंपघर हवंच होतं. साहेबांनी कपाटातून नेहमीचा आराखडा काढून दिला. चौकोनी टाकी, शेजारी पंपांची खोली, पुढे गाडी वळायला मोकळी जागा. तो सगळा संसार जिथं मावत होता, नेमकं तिथं टेलरकाकांचं घर उभं होतं. घर जाईल त्याला टेकडीवरच्या नव्या वसाहतीत घर मिळणार होतं. साहेबांच्या मते प्रश्न मिटला होता.

बाईंच्या मते तो तिथूनच सुरू होत होता. त्यांच्या वडिलांचं घर असंच रस्तारुंदीत गेलं होतं. बदल्यात मिळालेल्या घरात अण्णा पाहुण्यासारखे राहिले, पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यायचे. शेवटी बाईंनी त्यांना आपल्याकडे आणलं. आता संध्याकाळी बाई घरात शिरल्या, की पर्स खाली ठेवायच्या आत अण्णांचा प्रश्न यायचा.

"वाचतंय का गं त्या टेलरचं?"

"बघतेय अण्णा."

"बघत काय बसतेस? वाचव."

बाईंनी कपाटातला आराखडा बाजूला सारला. साहेब वैतागले.

"अहो, तयार कपडे मिळत असताना शिवून कशाला घ्यायचे?"

"ते अंगाला होत नाहीयेत साहेब. ते घालायला दुसऱ्याचं अंग कापावं लागतंय."

साहेब हसले. साहेब हसले की अर्धी परवानगी मिळाली, असं ऑफिसात सगळेच धरून चालत.

मापं घ्यायला बाई स्वतः गेल्या. काकांच्या घरात पाऊल टाकलं आणि त्यांना गलबलून आलं. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. कपड्यांची फळी रिकामी. खिडक्यांचे पडदे उतरवलेले.

"हल्ली काम घेत नाही का काका?"

"नवीन नाही घेत. आधी तुमचं काय ते ठरू दे."

काकू गुडघ्यावर हात देत देत उठल्या. "कशातच मन लागत नाही हो. उठता-बसता डोळ्यांपुढे घरच येतं."

बाईंनी भराभर मापं घेतली आणि त्या निघाल्या.

त्यानंतर त्या हात धुऊन त्या पंपघराच्या मागे लागल्या. टाकी गोल केली. रुंदी घटवून ती जास्त खोल नेली. पंप बाहेर न ठेवता टाकीतच, पाण्यात बुडवून बसवले, म्हणजे पंपांची वेगळी खोलीच गेली. जेवतानाही त्या ताटात बोटानं वर्तुळं काढायच्या आणि नवरा मुकाट्यानं वाढत राहायचा.

सगळं जमलं, आणि गाडीपाशी घोडं अडलं. पंप बिघडला तर तो उचलायला क्रेन येणार. क्रेनला वळायला काकांचं अंगणच नव्हे, स्वयंपाकघरही लागत होतं. बाईंनी दोन दिवस नकाशावर नुसती खाडाखोड केली. मग त्यांना सुचलं, की गाडी पंपाकडे कशाला न्यायची? पंपच गाडीकडे आणू. टाकीच्या डोक्यावर लोखंडी तुळई, तुळईला साखळीची कप्पी. पंप वर ओढायचा आणि तसाच सरकवत रस्त्यापर्यंत न्यायचा.

साहेबांनी चष्मा वर-खाली करत नवा नकाशा पाहिला. खोड काढायला जागा सापडेना, तेव्हा सही केली.

"माझं डोकं खाल्लंत बाई तुम्ही. पण बसवलंत बुवा मापात!"

बाईंना एकदम हलकं वाटलं. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून अण्णा म्हणाले, "बरं झालं. फार बरं झालं. जा, त्याला आधी सांगून ये."

बाई चालतच निघाल्या. उतारावरच्या तुंबलेल्या गटाराचाही आज त्यांना राग आला नाही. कितीतरी आठवड्यांनी त्यांना मोकळा श्वास घेता येत होता, तोही नेमका तिथं! त्यांचं त्यांनाच हसू आलं.

काका दारातच उभे होते.

"काका, ठरलं! घर जात नाही. एक वीटसुद्धा हलणार नाही. आणि घाण पाणी पुन्हा कधी आत येणार नाही."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "नक्की? आता काही बदलणार नाही?"

"सही झाली. आता कुणीही बदलू शकत नाही."

काकांचे डोळे भरून आले. ते पाहून बाईंचेही आले.

"आमच्यासाठी फार कष्ट घेतलेत बाई," काकांनी हात जोडले.

"अहो, हात काय जोडताय? माझं कामच आहे ते."

काकांनी मान हलवली, डोळे पुसले आणि आत वळून हाक मारली.

"अगं, ती बांधाबांध थांबव. लेकीला फोन करून सांग, टेकडीवर तिच्या शेजारी राहायला यायचं आपलं काही जमत नाही म्हणावं."