होती तशी

दत्तोपंतांच्या मुलानं, श्रीधरनं, आजोबांच्या मोटारीचा पार तमाशा करून टाकला होता. टप कापला, जीपचं इंजिन चढवलं, भडक लाल रंग फासला आणि वर ट्रकचा हॉर्न. "माझ्या डोळ्यांदेखत ही पुन्हा होती तशी झाली पाहिजे," दत्तोपंत रोज जेवताना म्हणायचे. श्रीधर त्यांच्या पंगतीला नसायचाच. तो गाडी उडवत कधीही यायचा, चौकातूनच हॉर्न द्यायचा, आणि पोरगं गरम जेवावं म्हणून त्याची आई, यमुताई, लगेच स्टोव्ह पेटवायच्या.

उन्हाळ्यात श्रीधर काविळीनं गेला. तेरावं झाल्यावर दत्तोपंतांनी गाडी लकडगंजच्या देवाजी मिस्त्रीकडे नेऊन टाकली. सोबत जुना फोटो दिला.

दसऱ्याला सकाळीच देवाजीनं गाडी दारात आणून उभी केली. काळा रंग, कापडी टप, अडगळीतून काढलेलं मूळ इंजिन. दत्तोपंतांनी फोटो हातात धरून गाडीभोवती दोन चकरा मारल्या. नाव ठेवायला जागा सापडेना.

"हॉर्न तेवढा राहिला जी," देवाजी म्हणाला. "चालू हाये का पाहून घेतो, मंग काढतो. कोण्या ट्रकवाल्याले कामी येईन."

त्यानं तो एकदा चांगला दाबून पाहिला. मग पान्यानं बोल्ट खोलून हॉर्न हातात घेतला.

"झाली जी. आता पुरी पयलेसारखी."

दत्तोपंत मान हलवणार, तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.