परतीची फेरी

प्रवासाच्या सर्वेक्षणाला मनाली नावाची रोह्याची मुलगी आली होती. पुढच्या काही वर्षांत किती बस लागतील याचा अंदाज बांधायला, घरातलं कोण कुठं जातं ते ती टॅबवर भरत होती.

“वहिनी, शर्वी कोण?”

“ही काय, कडेवर. दोन वर्षांची आहे.”

“हिची फेरी आधीच भरलेली दिसते. आज सकाळी अकराला, इथून रामवाडीहून खांब गावापर्यंत, चालत, एकटी.”

“अगं, खांबला एसटीनंही तास लागतो! पुसून टाक ते.”

“पुसलं जात नाय हो. आणि परतीची फेरी रिकामी हाय, म्हणून फॉर्म बंद होत नाय.”

मी उठून दाराला कडी घातली आणि शर्वीला आवळून धरलं. अकराला दोन मिनिटं होती.

बंद दाराकडे बघत शर्वी हळूच म्हणाली, “थांब. चप्पल.”